वकिलाकडे जाण्याबद्दल हार्दिक शुभेच्छा

सिडको, नाशिक
रविवार, डिसेंबरची थंडी

आपल्याच हाताखाली शिकलेल्या पोराला एके दिवशी 'साहेब' म्हणावं लागलेल्या तमाम भगिनींनो!

(रेहाना, दचकू नकोस, पत्र तुलाच आहे. हात सवयीने तसा सुरू झाला. खोडणार होते, पण वाचून पाहिलं तर वाक्य चांगलं जमलंय, आणि त्या तमाम भगिनींमध्ये तुझी खुर्ची पहिल्या रांगेत आहे. पॅकिंगमध्ये खोक्याला पट्टी कशी मारायची हे तू ज्याला शिकवलंस, तोच पुढे तुझ्या खोक्यांवर 'तपासले' असा शिक्का मारत फिरायचा, हे मी विसरलेले नाही. म्हणून ते वाक्य राहू दे.)

प्रिय रेहाना, तुला जयभीम, अब्बासभाईंना सलाम आणि इन्शाला पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत देवीच्या गडावर जाणाऱ्या बायकांनी वणीतलं तुमचं बांगड्यांचं दुकान दणाणून सोडलं होतं, असं ऐकलं. मग कारखाना सोडून दिवाळीनंतर तू तिथे कायमची बसलीस ते बरंच झालं म्हणायचं. पण दिवसभर मांडी घालून लोकांच्या मनगटात बांगड्या चढवायच्या म्हणजे गुडघा कुरकुरणारच. त्याची कुरकुर ऐकून घे. तक्रार ऐकून घेणारं कोणी असणं हे भाग्याचं असतं. आपल्या कारखान्यात तक्रारपेटी आहे, तुला आठवत असेल, कँटीनच्या दाराशी, निळ्या रंगाची. तिची किल्ली हरवलेली आहे, अशी तक्रार मी त्याच पेटीत टाकलेली आहे. आमच्याकडे सगळे ठीक. आमच्या नवरोबांची, धनराजची, स्कूलव्हॅन चालू आहे, चैतालीची परीक्षा जवळ आली आहे (म्हणजे ती घरातल्या सगळ्यांचे दोष शोधण्यात गुंतली आहे), आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आपल्या कुसाबाई, तुझी रोज आठवण काढतात. तू दिलेल्या हिरव्या बांगड्या त्या लग्नाला घालतात आणि भांडायच्या आधी काढून ठेवतात.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण तू फोनवर नुसतं 'हं' म्हणतेस, मला वाटतं सभा मान डोलावते आहे, आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझी भाजी करपते. शिवाय मला सध्या लिहिण्याचा सराव करायला सांगितलं आहे, तोही विशेषणं न वापरता. कोणी सांगितलं? वकीलबाईंनी. होय, रेहाना, मी वकिलाकडे जाते आहे! ज्या अन्यायी, उद्दाम, नारळफोड्या व्यवस्थेने (हे सरावात धरू नकोस) माझी लाईन इन-चार्जची जागा सुयशच्या खिशात घातली, तिच्याविरुद्ध कायद्याने काय करता येतं, ते विचारायला जाते आहे. सीबीएस बसस्टँडसमोर, कोर्टाच्या बाजूला ॲडव्होकेट राखी अहिरे बसतात. नोकरीतल्या भेदभावाची प्रकरणं त्या बघतात. चैतालीने त्यांचा पत्ता काढला. पहिली भेट येत्या गुरुवारी दुपारी, अर्ध्या तासाची. आता माझ्यासारख्या बाईला अर्धा तास म्हणजे प्रास्ताविकसुद्धा नाही, हे तू जाणतेस.

प्रसंग तुला ठाऊक आहे, कारण तू तिथे होतीस. तरी थोडक्यात लिहून पाहते. खंडेनवमीला अंबडच्या आपल्या कारखान्यात मशीनची पूजा होती. पूजेची तयारी हे 'बायकांचं काम', म्हणून दरवर्षीप्रमाणे ते आपल्या दोघींकडे आलं. मी बौद्ध, तू मुसलमान, आणि झेंडूची तोरणं, रांगोळी, हळदकुंकवाचं तबक, प्रसादाचं खोबरं सगळं आपण दोघींनी केलं! (मी रांगोळीत काय काढू म्हणून तुला विचारलं, तर तू म्हणालीस, "काढ गं काहीबी, साहेब बूट घालून वरनंच चालणार हाय." ते चाललेच.) मग आपले मॅनेजर पुढे आले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, वकीलबाईंनी सांगितलं आहे की नावं कागदावर सांडत बसू नका. आपण त्यांना 'नारळसाहेब' म्हणायचो, कारण कारखान्यात नवी झेरॉक्स आली तरी ते नारळ फोडायचे. त्यांनी मशीनवर नारळ फोडला आणि त्याच दमात जाहीर केलं की लाईनचा नवा इन-चार्ज सुयश. सुयश! ज्याला पॅनेलची टेस्टिंग मी शिकवली, ज्याला पहिल्या आठवड्यात शॉक बसला तेव्हा ज्याच्या तळहाताला मी खोबरेल चोळलं, तो. पोरगा वाईट नाही, उलट फार गोड आहे. अजूनही पॅनेलचा फोटो पाठवून विचारतो, "ताई, हा दिवा का लागत नाही?" आणि मी अजूनही सांगते. म्हणजे काम माझं, जागा त्याची, आणि दिवा लागला की फोटो साहेबांचा.

आता इथे खरी गंमत. मी, जिने विहारात, महिला मेळाव्यात आणि एकदा तर नळाच्या रांगेत उभं राहून भाषणं केली आहेत, ती मी त्या क्षणी एक शब्द बोलले नाही. कारण तोरणाचा दोरा माझ्या दातात होता. दोन्ही हात झेंडूत आणि तोंडात दोरा. माझ्या आयुष्यात तोंडात दोरा असण्याचा हा एकमेव प्रसंग, आणि तो नेमका तिथे यावा! बोललीस ती तू. तबक खाली ठेवून, साध्या आवाजात, जसं एखाद्याला वेळ विचारावी तसं तू विचारलंस, "साहेब, सुयशला शिकवलं कोनी?" सगळे हसले. साहेबही हसले आणि हसत हसत त्यांनी उत्तर दिलं. ते उत्तर मी इथे लिहीत नाही. (का, ते शेवटी सांगते. एवढंच म्हणते की त्यात माझ्या कामाबद्दल तक्रार नव्हती, मी बाई असण्याबद्दल होती.) मी दोरा तोडून तोंड मोकळं करेपर्यंत प्रसाद वाटून झाला होता.

वकीलबाईंच्या कार्यालयातून फोन आला, तेव्हा मी विचारलं, येताना काय आणू? संविधानाची प्रत आणू का, माझ्याकडे तीन आहेत. तर तिथली मुलगी म्हणाली, "संविधान मॅडमकडे आहे, ताई. तुम्ही नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या आणा. आणि काय झालं ते एका पानावर." मी त्याच दिवशी पानावर बसले. सुरुवात माणसाने पहिल्यांदा आग पेटवली आणि ती राखायला बाईला बसवलं, इथपासून केली, कारण मुळाशी गेल्याशिवाय विषय कळत नाही. संध्याकाळपर्यंत मी गुलामगिरीच्या अंतापर्यंत पोचले होते. अंबड एमआयडीसी अजून बरीच लांब होती. चैतालीने पानं चाळली आणि म्हणाली, "मम्मी, यात तू कधी येतेस?" मी म्हटलं, मी सगळ्या पानांवर आहे, पीडित स्त्रीजातीच्या रूपाने. ती म्हणाली, "कंपनीत जी हजेरी लावते ती बाई विचारतेय मी." या मुलीला मी वाचायला शिकवलं, हा पश्चात्ताप आहे.

मग ठरलं की लिहिणं जमत नसेल तर बोलण्याचा सराव करू. वेळ मोजायला धनराजने कुकर लावला. तीन शिट्ट्या होईपर्यंत सगळं सांगून व्हायला हवं. सासूबाईंना वकील केलं, चैतालीचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि मी उभी राहिले. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी 'उपस्थित मान्यवर' म्हणत होते. तिसरी झाली तेव्हा आवाज चढला होता आणि नेमका रंग भरत होता, म्हणून मी धनराजला हातानेच थांबवलं. त्या दिवशी आम्ही जी डाळ खाल्ली ती डाळ होती असं केवळ विश्वासाने म्हणायचं. वकील झालेल्या सासूबाईंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "पन ह्या पोरीच्या लग्नाचं काय?" चैतालीने चष्मा काढून घेतला.

इथपर्यंत सगळं घरात होतं. पण माझा आवाज घरात राहत नाही. खालच्या मजल्यावरचे पुंजारामभाऊ, आपल्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष, वर आले. मला वाटलं तक्रार करतील. ते म्हणाले, "ताई, एवढं सोन्यासारखं भाषण भिंतींना कशापायी ऐकवायलीस? रविवारी विहारात सराव कर. माइक आपला घरचाच हाय." तुला पुंजारामभाऊ माहीत आहेत, त्यांना कुठलाही कार्यक्रम अध्यक्षाशिवाय, सत्काराशिवाय आणि आभारप्रदर्शनाशिवाय पाहवत नाही. त्यांच्या नातवाला कांजिण्या आल्या तेव्हाही त्यांनी चार शब्द बोलून घेतले होते. मागच्या रविवारी मी चार-पाच माणसं असतील म्हणून गेले, तर सतरंज्या अंथरलेल्या, बायका लेकराबाळांसकट आलेल्या, मला शाल आणि गुच्छ, आणि मंचावर एका खुर्चीला कागद चिकटवलेला, 'वकील'. त्या खुर्चीत अर्थातच पुंजारामभाऊ.

रेहाना, मी खोटी नम्रता दाखवणार नाही. त्या दिवशी मी बोलले! असं बोलले की खिडकीतले लोक आत आले. घरातल्या चुलीपासून कारखान्यातल्या मशीनपर्यंत बाई राबते आणि नारळ मात्र दुसऱ्याच्या हातात असतो, असं म्हटल्यावर जी टाळी पडली, तिने माइकची पिन निघाली, तरी माझं अडलं नाही. दोन ठराव मंजूर झाले. पुंजारामभाऊ वकील असूनही रडले. मी घाम पुसत खाली आले, बायकांनी मला वेढलं, आणि गर्दीतून सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. म्हणाल्या, "लय भारी बोलली गं. माझ्या अंगावर काटा आला. पन त्या दिशी झालं काय, ते नाय सांगितलं तू." मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. खरंच, कोणालाच कळलं नव्हतं. सगळ्या पेटून उठल्या होत्या, पण कशावरून ते एकीलाही सांगता आलं नसतं. आपली लाईन, सुयश, तो प्रश्न, ते उत्तर, यातलं काहीच माझ्या भाषणात आलं नव्हतं. माझा राग खरा आहे, माझं म्हणणं खरं आहे, पण गुरुवारी त्या खुर्चीत खरी वकीलबाई असणार, आणि ती रडणार नाही, ती विचारणार की झालं काय. हे मला त्या क्षणी कळलं आणि मी मनाशी ठरवलं की आता तोंड बंद, नीट तयारी.

पण पुंजारामभाऊंनी तोवर फ्लेक्स छापायला टाकला होता.

सोमवारी सकाळी त्रिमूर्ती चौकात, जिथे आपल्या कंपनीची बस थांबते नेमकी तिथे, दुमजली घराएवढा फ्लेक्स. 'फर्ड्या वक्त्या, झुंजार कामगार भगिनी सुवर्णाताई पगारे यांना वकिलाकडे जाण्याबद्दल हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यातल्या गॉगलवाल्या एकाला मी ओळखतसुद्धा नाही. विचारलं तर भाऊ म्हणाले, फ्लेक्सवाल्याकडे त्याचा फोटो आधीपासून होता आणि एक चौकोन उरला होता. माझा फोटो भाषण करतानाचा, बोट रोखलेला. आणि ते बोट असं काही लागलं होतं की बस थांबली की बरोबर तिच्या दाराकडे रोखलेलं दिसायचं. अख्ख्या बसने एकेकाने उतरून वाचून पुन्हा चढून घेतलं. ड्रायव्हर धोंडीरामने मला हात जोडले. जगात कोणी कोर्टकचेरीला निघताना समोरच्या पक्षाला चौकात पत्रिका लावून कळवलं असेल, असं मला वाटत नाही. मी भाऊंना म्हटलं, अहो ही गुप्त गोष्ट होती! ते दुखावले. म्हणाले, "चांगल्या कामाला कोन लपवतं का, ताई?" आणि हे वाक्य माझ्याच एका भाषणातलं होतं.

आता साहेबांचं डोकं बघ. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं नाही, ओरडले नाहीत. बुधवारी नवा कॉम्प्रेसर आला, सगळ्यांना बाहेर जमवलं, आणि नारळ माझ्या हातात दिला! म्हणाले, "आज नारळ सुवर्णाताई फोडणार." रेहाना, इतकी वर्षं मी तो नारळ सोलला, धुतला, शेंडी ठेवून तबकात मांडला, फोडायला पहिल्यांदा मिळाला. मी एका फटक्यात फोडला. (खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पाणी साहेबांच्या शर्टावर गेलं, तेही बरं वाटलं.) टाळ्या झाल्या, फोटो निघाला आणि दुपारी तो फोटो सूचनाफलकावर लागला. साहेब येता-जाता सगळ्यांना दाखवतात, "बघा, आपल्याकडे भेदभाव कुठे आहे?" म्हणजे मला जागा नाही मिळाली, नारळ मिळाला.

आणि त्या नारळाने माझं खरं नुकसान केलं. खंडेनवमीच्या त्या उत्तराला आपल्या लाईनच्या सगळ्या बायका हजर होत्या आणि आधी सगळ्या म्हणत होत्या, ताई, आम्ही सांगू. आता एक म्हणते, मी त्या वेळी खोबरं खिसत होते, मान खाली होती. दुसरी म्हणते, ताई, नारळ तर दिला ना तुम्हाला. मी त्यांच्यावर रागावलेले नाही. सगळ्या कंत्राटी आहेत, मार्चमध्ये पुन्हा घेतील की नाही याचा भरवसा नाही, पोरांच्या फिया डोक्यावर. त्यांना दोष देणारं भाषण मला येत नाही. सुयश पेढे घेऊन घरी आला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "ताई, मी खोटं बोलणार नाही. फक्त मला कोणी विचारू नका." मी त्याला चहा दिला आणि त्याच्या पॅनेलचा दिवा का लागत नाही तेही सांगितलं.

फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत वकीलबाईंपर्यंत पोचला. त्यांचा फोन आला. आधी त्या हसल्या, बराच वेळ हसल्या, मग एकदम त्यांचा आवाज बदलला. जे म्हणाल्या ते खाली लिहिते, कारण इथे कागद संपत आला आहे आणि चैताली म्हणते की पत्र वजनाने जातं.

लोभ आहेच, तो असावा अशी विनंती करण्याइतकी आपली ओळख नवी नाही. गुडघ्याला जप, अब्बासभाईंना बांगड्यांचं खोकं उचलायला लाव.

तुझी,
सुवर्णा

ता.क. : वकीलबाई म्हणाल्या, "ताई, तुमचं म्हणणं तुम्ही सांगालच. पण तिथे हजर असलेलं आणखी कोणी हवं, ज्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि ज्याला थोडक्यात बोलता येतं." मी क्षणाचाही विचार न करता तुझं नाव सांगितलं. तुला विचारलं नाही, हे खरं. आता विचारते आहे. तू नोकरी सोडली आहेस, तुझं मार्चमध्ये कोणी काही बिघडवू शकत नाही. तरी अब्बासभाईंशी बोल. तुझं मन नसेल तर तसं सांग, मी एका शब्दाने रागावणार नाही. (इथे मी तीन वाक्यं खोडली आहेत. ती फार प्रभावी होती, म्हणूनच खोडली. तुला भाषणाने आणायचं नाही.)

ता.क. दुसरा : साहेबांचं उत्तर वर लिहिलं नाही, ते याचसाठी. वकीलबाईंची सक्त ताकीद आहे की तुला काही आठवण करून द्यायची नाही, जे आठवतं ते तुझं तूच सांगायचं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं, तेही चालेल. एवढं पत्र लिहून ते एक वाक्य मी लिहिलं नाही, रेहाना. (वर कंसात थोडं सांडलं, ते वाचलंच नाहीस असं समज.) हात किती शिवशिवतोय ते तू समजून घे. आणि तू आत बोलशील तेव्हा मी बाहेर बाकावर बसणार आहे. सासूबाई म्हणतात, तोरणाचा दोरा आणून देते, दातात धर.

ता.क. तिसरा : फ्लेक्स अजून उतरलेला नाही. तुला बोलावतेय हे पुंजारामभाऊंना कळलं आहे (मी सांगितलं नाही, घराच्या भिंती पातळ आहेत) आणि ते त्या गॉगलवाल्याच्या जागी लावायला तुझा फोटो मागतायत. फोटो देऊ नकोस. नारळ आणू नकोस. फक्त गुरुवारी सकाळी वणीहून सुटणाऱ्या पहिल्या नाशिक गाडीत बस. मी सीबीएसवर उभी असेन.